मुलगी आमची, मग त्यात राजकारण कुठून आलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. मुलगी २७ वर्षांची, नोकरी करते. दीड वर्षापूर्वी तिने तुम्हा दोघांना सांगितलं की तिला मुलीच आवडतात आणि तिची एक जोडीदार आहे. धक्का बसला, पण तुम्ही तिला अंतर दिलं नाही. आता ती प्राइड मोर्चाला, म्हणजे समलिंगी-पारलिंगी लोकांच्या हक्कांच्या मोर्चाला जाते, त्याचे फोटो टाकते, निवडणुकीत उमेदवारांना जाहीर प्रश्न विचारते. तुम्ही म्हणता, “कोणाला कोण आवडतं ही ज्याची त्याची खासगी बाब. आम्ही ती मान्य केली. मग झेंडे, घोषणा, कोर्टकचेऱ्या कशाला? राजकारण करून ही मुलं स्वतःचंच नुकसान करून घेत नाहीत का?”

समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती, त्यांची जोडपी आणि घरची माणसं यांची कायदेशीर कागदपत्रं करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. एक विचाराचा आहे: लैंगिकता राजकारणात यावी का? दुसरा बापाच्या काळजीचा आहे: उद्या माझ्या मुलीच्या अंगावर काही आलं तर? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ती एकत्र केली की घरात वाद होतात आणि काळजी मात्र तशीच राहते.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. नोकरी सरकारी की खासगी? दोघी भाड्याने राहतात की घर घेतलंय? जोडीदाराच्या घरी माहीत आहे का? वारसाहक्काचा कोणता कायदा लागू होतो? मी हिंदू वारसा कायदा धरून लिहिते आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर शेवटचा भाग बदलेल.

आता ‘खासगी’ या शब्दाकडे बघू. रुग्णालयाचा दाखल करतानाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. वर रुग्णाचं नाव, वय, पत्ता. खाली सोबतच्या व्यक्तीचं नाव आणि शेजारी एक रकाना: ‘रुग्णाशी नातं’. तुमची मुलगी बेशुद्ध आहे आणि तिची जोडीदार हातात पेन घेऊन उभी आहे. तिने काय लिहायचं? ‘मैत्रीण’ लिहिलं तर पलीकडून विचारलं जातं, “घरचं कोणी नाही का?” डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम शस्त्रक्रियेच्या संमतीबाबत पती किंवा पत्नी, अज्ञान रुग्णाचे आईवडील किंवा पालक आणि स्वतः रुग्ण एवढ्यांचाच उल्लेख करतात. जोडीदार त्यात नाही. त्या काउंटरवर कोणी झेंडा आणलेला नाही. तरी कोणतं नातं नातं म्हणायचं हे कोणीतरी आधीच ठरवून छापून ठेवलेलं आहे, आणि ते ठरवणं हेच राजकारण. तुमचं-माझं नातं त्या रकान्यात बसतं म्हणून आपल्याला तो रकाना दिसत नाही. लग्नपत्रिका छापून, मांडव घालून, वाजतगाजत आपण आपली लैंगिकता गावभर सांगत असतो. सवयीमुळे त्याला आपण खासगी म्हणतो, इतकंच.

‘घरातली बाब, बाहेरच्यांनी पडू नये’ हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. याच वादाच्या पाठोपाठ संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारा हा १८९१ चा कायदा. त्याला लोकमान्य टिळकांसह अनेकांनी विरोध केला. मुद्दा असा होता की हा आमच्या घराचा आणि धर्माचा प्रश्न आहे, परक्या सरकारने त्यात हात घालू नये.

मी हे उदाहरण मुद्दाम देते. परक्या सरकारबद्दलचा संशय रास्तच होता. पण घराच्या उंबऱ्याआतलं सगळं खासगी म्हटलं, तर अकरा वर्षांच्या मुलीचं काय, हा प्रश्न विचारायला कोणती जागा उरते? म्हणून ‘खासगी’ हा शब्द ऐकला की मी आधी बघते, त्याने कोणाचं संरक्षण होतंय. पोलिसांनी माझ्या शयनगृहात डोकावू नये असं म्हणताना तो दुबळ्याच्या कामाला येतो. घरात काय चाललंय ते विचारू नका असं म्हणताना बहुतेक वेळा बलवानाच्या. लग्नांतर्गत बलात्काराला कायद्यात असलेला अपवाद आजही याच दुसऱ्या अर्थावर उभा आहे.

समलिंगी संबंधांच्या बाबतीत सुरुवात तर थेट सरकारनेच केली. १८६० ची भारतीय दंड संहिता १८६२ पासून लागू झाली, तिच्यात कलम ३७७ आलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग तेव्हाच्या भाषेत ‘युनक’ म्हटलेल्यांसाठी, म्हणजे मुख्यतः हिजड्यांसाठी होता. उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिला मुलगा दत्तक घेता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. ही मृत्युपत्राची मनाई लक्षात ठेवा, खाली तिच्याकडे परत यायचं आहे.

त्या काळात कायदा प्रत्यक्षात कसा चालायचा हे १८८४ च्या खैराती खटल्यात दिसतं. बाईच्या वेशात गाणं म्हणताना सापडलेल्या खैरातीला पोलिसांनी धरलं, शरीराची तपासणी केली आणि कलम ३७७ लावलं. कोणाशी, कुठे, केव्हा, यातलं काहीच आरोपात नव्हतं. सत्र न्यायालयाने तरीही शिक्षा दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण स्थळ, काळ, व्यक्ती यांपैकी कशाचाच पत्ता नव्हता. मात्र पोलिसांचा हेतू चांगला होता असंही निकालात नोंदवलं. कलम कृतीला शिक्षा देत होतं, पण धरलं गेलं ते माणसाच्या असण्याला. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं हाच प्रकार चालला. त्यामुळे या लोकांनी ‘ओळख’ या शब्दाभोवती संघटित होणं अटळ होतं. ज्या नावाने तुम्हाला धरलं जातं, त्याच नावाने वकील उभा करावा लागतो.

नुसतं बोलण्याचीही किंमत मोजावी लागली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं दिली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. वाचकाने विचारलेल्या शंकेला उत्तर देणं हा तेव्हा गुन्हा होता. तुम्ही आज मला हा प्रश्न मोकळेपणी विचारलात, त्यामागे अशा खटल्यांची रांग आहे.

एड्सच्या काळात यात आणखी एक वळण आलं, ते सहसा कोणी सांगत नाही. सरकारला साथ रोखायची होती, त्यासाठी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपर्यंत पोचायचं होतं. स्वतःला ‘गे’ न म्हणणारे, लग्न झालेले पुरुष त्यात मोठ्या संख्येने होते. म्हणून आरोग्य कार्यक्रमाने ‘एमएसएम’ (मेन हू हॅव सेक्स विथ मेन) असं वर्तनावरून नाव पाडलं, आणि त्या नावाने निधी, संस्था, कार्यकर्ते उभे राहिले. म्हणजे एकीकडे आरोग्य खातं निरोध वाटायला सांगत होतं आणि दुसरीकडे पोलीस खात्याकडे कलम ३७७ होतं. २००१ साली लखनौमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली आणि सुमारे दीड महिना ते तुरुंगात राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेची कलम ३७७ विरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. पत्रक वाटल्याबद्दल तुरुंगात जावं लागत असेल, तर कोर्टकचेरीची हौस म्हणता येत नाही.

‘कोर्टात कशाला, संसदेत जा’ असंही तुम्ही लिहिलंय. गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला कलम ३७७ सज्ञानांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरतं रद्द केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणांत एक होतं की हे लोक लोकसंख्येच्या अगदी क्षुल्लक अंशाएवढे आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेपेक्षा कमी जणांवर खटले झालेत. बदल करायचा तर संसदेने करावा, असं सांगितलं. १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) मांडायची परवानगी मागितली. चर्चा दूर, मांडण्याचीच परवानगी ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यसभेने तिरुची शिवा यांचं पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचं खासगी विधेयक मंजूर केलं होतं. खासगी विधेयक मंजूर होणं आपल्याकडे फार दुर्मीळ. वर्ष एकच, संसद तीच. मग फरक कशात? माझं मत असं की एक मागणी सभागृहाने कल्याणाची म्हणून ऐकली. गरीब बिचाऱ्यांना काहीतरी द्यावं, यात कोणाचं काही जात नाही. दुसरी मागणी बरोबरीची होती: माझं प्रेम तुमच्या प्रेमाएवढंच आहे. दया द्यायला सगळे पक्ष तयार असतात, बरोबरी म्हटली की मतांचा हिशेब सुरू होतो. तुमची मुलगी उमेदवारांना प्रश्न विचारते ते इथे लागू पडतं. ज्याच्या मतांची भीती नाही त्याला कोणी उत्तर देत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल त्याच्या गाभ्यात घातला. म्हणजे तुम्ही ज्या खासगीपणाचा दाखला देता, तोही कोर्टात जाऊनच मिळाला. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क नाही. नागरी बंधाचा (लग्नाशिवाय नात्याला कायदेशीर मान्यता देण्याचा) आणि दत्तकाचा मुद्दा तीन विरुद्ध दोन असा हरला. थोडक्यात आजची स्थिती अशी: तुमची मुलगी गुन्हेगार नाही, पण तिचं नातं कायद्याला दिसत नाही. मोर्चे, घोषणा, फोटो हे सगळं या अंतरातून येतं.

आता तुमच्या म्हणण्यातला खरा भाग. राजकारणाने नुकसान होतं, आणि ते नीट ओळखायला हवं.

एक प्रकार शिक्का मारण्याचा. विवाहाच्या खटल्यात २०२३ मध्ये केंद्र सरकारने या मागणीला शहरी उच्चभ्रूंचा दृष्टिकोन म्हटलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या पारलिंगी व्यक्तीला थेट निवडणुकीत सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला प्रभागातून अर्ज भरला. अर्जावर लिंग ‘स्त्री’ लिहिलेलं, छाननी अधिकाऱ्याने अर्ज बाद केला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालातला स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करून अर्ज स्वीकारायला लावला, आणि त्या निवडून आल्या. त्याआधी मध्य प्रदेशात कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड याच कारणावरून रद्द झाली होती: जागा महिलांची आणि कोर्टाच्या लेखी त्या पुरुष. मतदारांना अडचण नव्हती, रकान्याला होती. शहरी चोचले म्हणणाऱ्यांना मी एवढंच दाखवते.

दुसरा प्रकार आतल्या ओढाताणीचा. मोर्चा एका कारणासाठी निघतो आणि त्यात दुसऱ्या कारणांच्या घोषणा होतात. २०२० मध्ये मुंबईत आझाद मैदानावरच्या प्राइड मेळाव्यातल्या घोषणांवरून देशद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला, आणि आयोजकांनी त्या घोषणांशी संबंध नाकारला. जात, धर्म, नागरिकत्व हे प्रश्न समलिंगी माणसालाही असतात, ते त्याने घरी ठेवून यावेत असं मी म्हणणार नाही. पण गर्दीत कोणाच्या शेजारी उभं आहोत याचा परिणाम कोणावर होईल, हे जाणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

तिसरा मला सगळ्यात जास्त सलतो. माणूस प्रतिनिधी होऊन बसतो. ऑफिसात, नातेवाइकांत, चर्चेत तुमची मुलगी सतत ‘समाजा’च्या वतीने उत्तरं देत राहते. तिचं नातं बिघडलं तर “बघा, यांचं टिकतच नाही” असं ऐकावं लागेल, म्हणून ती दुःखही लपवेल. हे तिच्याशी बोलण्यासारखं आहे. तिला थांबवण्यासाठी नव्हे, घरात तरी तिला कोणाची बाजू मांडावी लागू नये म्हणून.

काळजीच्या प्रश्नाकडे येते. मोर्चाला पोलिसांची परवानगी आहे का, मार्ग तोच आहे का, हे आयोजकांकडून विचारून घ्यावं. परवानगी शेवटच्या दिवसांत नाकारली जाऊ शकते. फोटो छापून येणार हे गृहीत धरावं, तेव्हा ज्यांच्या घरी माहीत नाही त्यांनी चेहरा झाकावा. तुमच्या मुलीने स्वतःचे फोटो टाकताना शेजारच्यांचे चेहरे पुसावेत. दुसऱ्याच्या घरी बातमी पोचवायचा हक्क कोणालाच नाही. नोकरी सरकारी असेल तर वर्तणूक नियमांत राजकीय पक्षाच्या कार्यक्रमांवर बंधन असतं. हक्कांचा मोर्चा आणि पक्षाची सभा वेगळी, पण फरक वरिष्ठांना लेखी दाखवावा लागू शकतो, म्हणून निमंत्रण जपून ठेवावं.

मोर्चापेक्षा जास्त धोका मला ब्लॅकमेलमध्ये दिसतो. डेटिंग ॲपवर ओळख, मग भेट, मग “घरी सांगतो, पैसे टाक”. यात पहिली चूक म्हणजे पैसे देणं. एकदा दिले की आकडा वाढत जातो. दुसरी चूक घाबरून चॅट पुसणं, कारण पुरावा तोच असतो. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसू द्या, पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि खंडणीची तक्रार द्या. संमतीचा संबंध आता गुन्हा नाही, त्यामुळे तक्रार देणाऱ्यावर उलटी केस होईल ही भीती निराधार आहे. या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे ‘घरी कळेल’ ही भीती. तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणजे तुमच्या मुलीवर हा डाव चालणं फार अवघड. तिला हे तोंडाने सांगा.

कोणी तुम्हाला ‘बरं करणाऱ्या’ डॉक्टरचं नाव सुचवलं तर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. नातेवाइकांना काय सांगायचं, हे मुलीला विचारून ठरवा. “तिला लग्न करायचं नाही” हेही एक उत्तर आहे. पण ते तिने निवडलेलं असावं.

आता कागद. लग्न नाही म्हणून दोघींच्या नात्यातला प्रत्येक हक्क सुटा बांधावा लागतो. आधी सोपं. दोघींच्या नावाने संयुक्त खातं काढा, ‘दोघींपैकी कोणीही किंवा हयात असेल ती’ अशा सूचनेने. समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि तिला नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही, हे केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत अडवलं तर ते पत्रक दाखवायचं.

रुग्णालयासाठी साधं मुखत्यारपत्र करून लोक निश्चिंत होतात, आणि इथेच फसतात. देणाऱ्याची शुद्ध हरपली की मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो नसतो. त्याऐवजी दोन कागद करा. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली साध्या कागदावर लिहून, सही करून जोडीदाराला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं. आणि शेवटच्या आजारातल्या उपचारांबद्दलचं आगाऊ निर्देशपत्र, ज्यात जोडीदाराचं नाव घालता येतं. जानेवारी २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. या दोन्हींत न बसणाऱ्या प्रसंगांसाठी तुम्ही आईवडिलांनी एक पत्र लिहून ठेवा: आम्ही पोचेपर्यंत आणि आम्ही पोचल्यावरही हिचा निर्णय आम्हाला मान्य आहे, खाली फोन नंबर. ते कायद्याने बंधनकारक नाही, पण रात्री दोन वाजता काउंटरवरच्या माणसाला धीर देण्यापुरतं पुरतं.

घर घेणार असतील तर नोंदणीकृत करारातच दोघींची नावं आणि प्रत्येकीचा हिस्सा लिहा. नंतर बक्षीसपत्राने हिस्सा द्यायचा म्हटलं तर नवरा-बायकोला मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत मिळत नाही. आयकरातही तेच: नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर भेट आली तर ती पूर्ण रक्कम करपात्र होते, पती-पत्नींना ती मर्यादाच नाही. या तरतुदीला २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. प्रेमाचं राजकारण म्हणतात ते कराच्या कलमातही असतं, ते असं.

नामनिर्देशनावर विसंबू नका. बँक, सोसायटी, शेअर यांत नामनिर्देशित व्यक्ती बहुतेक वेळा फक्त ताबा घेते, मालकी वारसांची. विम्यात आईवडील, पती-पत्नी आणि मुलं यांनाच लाभार्थी म्हणून वेगळं स्थान आहे, जोडीदाराला नाही. म्हणून शेवटी सगळं मृत्युपत्रावर येतं, जे करायचीच १८७१ मध्ये मनाई होती. आज त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही, आणि ती सही पाहून सही करणारे दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. मालमत्ता, खाती, पॉलिसी क्रमांकासकट लिहा. दोघींनी वेगवेगळं करा, एकाच कागदावर नको.

साक्षीदार कोण, हा सगळ्यात नाजूक भाग. अविवाहित आणि निपुत्रिक हिंदू मुलगी मृत्युपत्र न करता गेली तर कायद्याने आईवडील वारस होतात. म्हणजे उद्या तिच्या जोडीदाराला घराबाहेर काढायचा अधिकार तुमच्याकडे येतो, तुम्हाला हवा असो वा नसो. तुमच्यानंतर तो तुमच्या वारसांकडे जातो, आणि त्यांनी त्या जोडीदाराला कधी पाहिलेलंही नसेल. म्हणून मी अशा कुटुंबांना सुचवते की बापाला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नसेल, तर एक साक्षीदार बापच व्हावा. आव्हान देऊ शकणाऱ्या माणसाचीच सही असली की बहुतेक भांडणं सुरू होण्याआधी थांबतात. दुसरा साक्षीदार मुलीपेक्षा वयाने लहान निवडा. मृत्युपत्र सिद्ध करायला हयात साक्षीदार कोर्टात बोलवावा लागतो, आणि तोपर्यंत आपण असू असं धरून चालता येत नाही. जोडीदाराच्या आईवडिलांना अजून माहीत नसेल तर तिच्या मृत्युपत्राला दोन्ही साक्षीदार बाहेरचे घ्या, आणि मूळ प्रत तिच्या माहेरच्या कपाटात ठेवू नका.